ताब्याला मार्क किती?

२०२४ची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक पारोळ्यात माझ्याच घराच्या ओट्यावर होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा झाला. बायका चपला शोधायला लागल्या, तरी एकजण बसूनच राहिली. सगळ्या गेल्यावर तिनं पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला.

"ताई, जरा वाचीसन सांगा. मना पोऱ्याबद्दल काय लिखेल शे यामा?"

कुठल्याशा शिबिरात अकरावीच्या मुलांकडून भरून घेतलेली ती प्रश्नावली होती. मुलानं एक ते पाच आकड्यांवर खुणा केलेल्या, खाली बेरीज, आणि त्याखाली लाल पेनानं लिहिलेलं : आत्मनियंत्रण – कमी.

मुलगा सोळा वर्षांचा. महिनाभरात दोन प्रकार घडलेले. मित्राची मोटारसायकल घेऊन रात्री सुरतच्या हायवेवर गेला, ट्रॅक्टरला धडकता धडकता वाचला. आणि वडिलांच्या मोबाइलवर पैशांचा पत्त्यांचा खेळ खेळून, पहिल्या वेचणीच्या कापसाचे आलेले चौदा हजार घालवले. वडिलांनी पट्टा काढला, आजी आडवी पडली म्हणून थोडक्यात निभावलं. त्यातच हा कागद घरात आला. वडिलांनी निकाल दिला, "ज्याचा सोतावर ताबाच नाही, त्याला शिकवून काय करायचं? आता तर कागदावर लिहूनच आलंय. दिवाळी झाली की सुरतेला मामाकडे धाडून देऊ. साडीच्या गोदामात गठ्ठे बांधेल."

"ताई," ती म्हणाली, "हा आता जलमभर असाच राहणार का?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपर होता, तेवढंच माझं ज्ञान. पण एका लाल शेऱ्यावर पोराची शाळा सुटणार, हे काही मनाला पटेना. मी तिला एवढंच म्हटलं, "दिवाळीपर्यंत कुणी काही ठरवू नका. मी जरा विचारते, वाचते." मग जळगावच्या एका समुपदेशक मैत्रिणीला फोन केला, तिनं वाचायला दिलं ते वाचलं. त्यातून जे कळलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. कारण असा कागद नसला तरी असे शेरे आपण घराघरात मारतच असतो!

मनाला काटा लावायचा कसा?

मन आवरणं किती अवघड, हे आपल्या खानदेशात बहिणाबाईंनी कधीच सांगून ठेवलंय. पण ते मोजायचं कसं? मानसशास्त्राचे लोक यासाठी प्रश्नावली वापरतात. अमेरिकेतल्या जून टँगनी, रॉय बाउमायस्टर आणि अँजी बून या तिघांनी २००४ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली जगभर चालते. मोठी ३६ वाक्यांची, छोटी १३ वाक्यांची. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते एक ते पाच आकड्यांत सांगायचं. वाईट सवय सुटते का, पुढच्या फायद्यासाठी आज कळ काढता येते का, विचार न करता हातून काही होतं का, असा सगळा रोख.

माझ्या मैत्रिणीनं आणखी एक गोष्ट समजावली. आपण ज्याला सरसकट 'ताबा नाही' म्हणतो, त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे उतावळेपणा, आधी करायचं आणि मग विचार करायचा. दुसरी म्हणजे थराराची ओढ, काहीतरी नवं, धोक्याचं करून पाहायची हौस. अमेरिकेतल्या मार्व्हिन झुकरमन यांनी १९६०च्या दशकात ही ओढ मोजायची वेगळी मोजपट्टीच केली होती. स्वभावाचे जे पाच मुख्य पैलू मानतात, त्यातला एक म्हणजे नेटकेपणा, घेतलेलं काम वेळेवर आणि नीट पार पाडायची वृत्ती. ताब्याचं नातं सगळ्यात जवळचं याच्याशी. थराराची ओढ हे वेगळं प्रकरण. एखादा मुलगा अभ्यासात नेटका असेल आणि तरीही गाडीवर बसला की वारा प्यायलेल्या वासरासारखा सुटेल!

वयाचाही यात मोठा वाटा. तेरा-चौदाव्या वर्षापासून थराराची ओढ वाढत जाते. पण मेंदूतला ब्रेक पक्का व्हायला विशी उलटून जावी लागते. इंजिन आधी आलं, ब्रेक मागून येतोय, अशी ही वर्षं. त्यात मित्र! अमेरिकेतल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, तीन वयोगटांतली ३०६ माणसं. काही एकटे खेळले, काहींच्या बाजूला मित्र उभे. तेरा ते सोळा वर्षांची मुलं मित्रांसमोर एकट्यापेक्षा खूपच जास्त धोका पत्करत होती. चोविशीच्या पुढच्यांना मित्र असल्या-नसल्यानं फारसा फरक पडला नाही.

मी त्या आईला विचारलं, "हायवेवर गेला तेव्हा एकटाच होता का गं?" नाही, मागे दोघे बसलेले. "आणि एकटा असतो तेव्हा सायकल कशी चालवतो?" ती जरा थांबून म्हणाली, "आजीला दवाखान्यात नेतो ना सायकलीवर. लई सांभाळून नेतो."

मुलगा तोच. मग ताबा कमी म्हणायचा की जास्त?

आमच्या गटाची परीक्षा

पुढच्या बैठकीत मी गंमत केली. माझ्याच शब्दांत दहा साधे प्रश्न लिहून काढले आणि प्रत्येकीला भरायला दिले. रागाच्या भरात बोलून मग पस्तावता का? हातात पैसे आले की टिकतात का? ठरवलेलं काम उद्यावर जातं का? हसून हसून पोट दुखलं. "गोड खाण्यावर ताबा आहे का?" या प्रश्नाला एक काकू म्हणाल्या, "डब्यात काही उरतच नाही, तर ताबा ठेवू कशावर?"

काकू थट्टेत बोलल्या, पण बोलल्या ते खरंच होतं.

त्याहून मोठा धक्का मला शेवटी बसला. सगळ्यात कमी मार्क स्वतःला कुणी दिले असतील? आमच्या गटात जिचा हप्ता आठ वर्षांत एकदाही चुकला नाही, तिनं! मी विचारलं तर म्हणाली, "सासूबाई पहिल्या दिवसापासून उधळी म्हणतात. असेन मी तशी." आणि ज्या बाईचा हप्ता दर दोन महिन्यांनी मागावा लागतो, तिनं स्वतःला पैकीच्या पैकी दिलेले.

प्रश्नावली खोटी असते असं नाही. हजारो लोकांच्या उत्तरांचा एकत्र विचार केला की तिच्यातून बरंच कळतं. पण एका माणसाच्या एका दिवसाच्या उत्तरात त्याचं मन उतरतं, तसं लोक त्याला काय म्हणत आलेत तेही उतरतं. नुकताच पट्टा खाल्लेला सोळा वर्षांचा मुलगा स्वतःबद्दल पाचावर खूण कशी करेल?

गोळीसाठी थांबलेली मुलं

ताब्याची सगळ्यात गाजलेली परीक्षा लहान मुलांची आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला ती घेतली. मुलापुढे मऊ गोड गोळी किंवा तसाच खाऊ ठेवायचा. "मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबायचं नसेल तर ही एक खा," असं सांगून बाहेर जायचं. काही मुलांनी लगेच तोंडात टाकली, काही थांबली. पुढे ही मुलं मोठी झाल्यावर, जास्त वेळ थांबलेल्यांना परीक्षेत बरे मार्क मिळाल्याचं दिसलं. झालं! चौथ्या वर्षी मुलाचं भविष्य कळतं, अशी हवा जगभर झाली.

पण नंतरच्या गोष्टीची एवढी हवा झाली नाही. २०१८ साली टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली. थांबण्याचा आणि पुढच्या अभ्यासाचा संबंध पहिल्यापेक्षा निम्माच निघाला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर तर फारच थोडा उरला.

माझ्या मनात घर करून राहिला तो मात्र २०१३चा छोटासा प्रयोग. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये २८ मुलांवर केलेला. आधी मुलांना चित्राचं साहित्य दिलं आणि सांगितलं, "थोडं थांबा, याहून छान आणते." निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्यांना सांगितलं, "अरेरे, नाहीच आहे." मग गोळीची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं, ती तीनच मिनिटं!

फसवलं गेलेलं मूल थांबत नाही, यात मनाचा कमकुवतपणा कुठे आला? "नंतर देते" म्हणणाऱ्या माणसाचा भरवसा नाही, हे त्याला कळलेलं असतं.

हे मी त्या आईला सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग हळूच म्हणाली, "सातवीपासून सांगतोय त्याला, कापूस विकला की नवी सायकल घेऊ. एकदा बोंडअळी आली, एकदा नणंदेचं लगीन निघालं, एकदा बोअर आटली. आम्ही काय मुद्दाम नाही केलं, ताई."

मुद्दाम कोण करतं? कोरडवाहू कपाशीच्या भरवशावर चालणाऱ्या घरात शब्द द्यायचा तरी कसा! पण मुलाच्या खात्यात तो जमा होतच जातो.

मग ताब्याला काहीच किंमत नाही का?

आहे, भरपूर आहे. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांवर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. टेरी मॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली त्यातून काढलेला निष्कर्ष असा, की लहानपणी ज्यांचा ताबा कमी होता, त्यांना बत्तिसाव्या वर्षी तब्येतीच्या, पैशांच्या आणि कोर्टकचेरीच्या अडचणी जास्त होत्या. इथे तर एका कागदावर काम भागवलं नव्हतं. आईवडील, शिक्षक, निरीक्षक आणि खुद्द मूल, अशा अनेकांना वेगवेगळ्या वयांत विचारलं होतं.

पण त्याच अभ्यासात पुढे दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही आयांनी ऐकण्यासारख्या आहेत. पहिली, ज्या मुलांचा ताबा वाढत्या वयात सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही अपेक्षेपेक्षा बरं गेलं. म्हणजे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. दुसरी, कमी ताब्याची मुलं वयात येताना काही सापळ्यांत अडकतात आणि मग नुकसान कायमचं होऊन बसतं. ते सापळे कोणते? लहान वयात सिगारेट लागणं, लहान वयातच आईबाप होणं, आणि शाळा अर्धवट सुटणं.

शाळा सुटणं! त्याचे वडील दिवाळीनंतर तेच तर करायला निघाले होते. ताबा कमी म्हणून शाळा सोडवायची, म्हणजे खड्ड्याकडे निघालेल्या पोराला आपणच ढकलायचं.

एकट्यानं दात-ओठ खाऊन चालत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. चांगला ताबा असणारी माणसं करतात तरी काय? २०१२ साली जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दोनशे माणसांच्या हाती आठवडाभर यंत्र दिलं. दिवसातून कितीदा तरी ते वाजायचं आणि विचारायचं : आत्ता कशाचा मोह होतोय? आवरताय का? ज्यांचा ताबा चांगला, ती माणसं मोहाशी जास्त झगडत असतील असं वाटतं ना? पण त्यांना झगडावंच कमी लागत होतं. अशी माणसं मोहाच्या वाटेनंच कमी जातात.

आपल्या बायकांना हे काही नवं नाही. भिशी म्हणजे दुसरं काय आहे? पैसा घरात ठेवला तर खर्च होणार, हे माहीत असतं म्हणून तो शेजारणीच्या हाती द्यायचा. २००८च्या आदेशानं महाराष्ट्रातल्या बायकांना 'आडवी बाटली'चा हक्क दिला. गावातल्या किंवा वॉर्डातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद. नवऱ्याला रोज "ताबा ठेवा" म्हणून थकलेल्या बायकांनी दुकानच वाटेतून दूर केलं!

आणि ज्यांच्या हातून सगळंच सुटलेलं असतं, त्यांच्यासाठी पुण्याचं मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं १९८६ साली ते सुरू केलं. तिथे येणाऱ्याला "तुझं मन कमकुवत" असं कुणी हिणवत नाहीत. व्यसन हा आजार आहे, हे आधी सांगतात. उठण्याझोपण्याच्या वेळा, कामं, सोबतीला तसेच सोसलेले लोक, घरच्यांशीही बोलणं, असा दिवसच बांधून देतात. जन्मभराची शपथ डोक्यावर घ्यायची नाही, फक्त आजचा दिवस सांभाळायचा, ही रीत व्यसनमुक्तीच्या कामात जगभर चालते. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. काम चालूच आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला

दिवाळीच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. पोराचे वडील बाजेवर बसलेले, खिशातून पुडी डोकावतेय. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण पुडी मिळतेच! मी म्हटलं, "भाऊ, ताबा एकट्या पोरानंच ठेवायचा का?" ते ओशाळून हसले, आणि तिथून बोलणं सोपं झालं.

तोच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांनी मिळून लिहिलं. वडिलांच्या मोबाइलमधून पैसे पाठवायची सोय काढायची, खातं साध्या फोनच्या नंबरला जोडायचं. अठरा वर्षं पुरी होईपर्यंत मोटारसायकलला हात लावायचा नाही. २०१९ला सुधारलेल्या कायद्यानुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, हे ऐकून वडीलच दचकले. पोरगा गुमान ऐकत होता. त्याला विचारलं, "तुला काय लिहायचंय?" तो म्हणाला, "सायकलचं खरं काय ते सांगा. होणार नसेल तर नाही म्हणा."

आईनं लिहिलं : सायकल नवी नाही, जुनी. संक्रांतीपर्यंत.

जुनी सायकल संक्रांतीच्या चार दिवस आधी आली. त्यासाठी तिनं गटातून कर्ज घेतलं, आणि ते फेडलंही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारीत तो पुन्हा एकदा मित्राच्या गाडीवर सापडला. मित्राच्या मोबाइलवर पत्त्यांचा खेळही एक-दोनदा झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्याची आई मला पेपर दाखवायला धावत आली होती. पण तो सुरतेला गेला नाही. शाळेत टिकला, बारावीला बसला. वडिलांची पुडी सुटलेली नाही, दिवसाला पाचाच्या दोन झाल्यात. त्याचा हिशेब आता पोरगाच ठेवतो!

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असा कुणी असेल तर ओरडण्याआधी तीन प्रश्न स्वतःलाच विचारून पाहा. तो घसरतो तेव्हा सोबत कोण असतं? मोहाची वस्तू त्याच्या हाताशी कुणी ठेवलीय? आणि आपण त्याला दिलेले किती शब्द पाळलेत? आपल्या हातात मावत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानस नंबर आहे. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लाजायचं कारण नाही.

तो कागद अजून त्यांच्या घरी देवळीत आहे. मागची बाजू वर करून ठेवलेला.